माहीत नाही म्हणणारा दिवा

६ मे

डबा परत आला. दादाने शहापूरच्या एसटीत ठेवून दिला, मी स्टँडवरून उचलला. वर पोतं, पोत्यावर सुतळी, सुतळीत खोचलेली चिठ्ठी: "बॅटरी मेली. ही तिसरी. सुमे, काय ते एकदाच कर."

माहेरच्या ओढ्यावरच्या फरशीला, म्हणजे बुटक्या पुलाला, आमच्या कंपनीचा डबा लावायचा, हा हट्ट माझाच. वरून सेन्सर पाण्याची उंची मोजतो. दिवा हिरवा म्हणजे जा, लाल म्हणजे थांब. गावासमोर मी केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आता होळीपासून तिसऱ्यांदा बंद. ओढ्यात गुडघाभर पाणी नाही तर ही तऱ्हा, पावसाळ्यात काय होणार?

वहिनी आशा ताई आहे, गावातली आरोग्यसेविका. पलीकडच्या पाड्यावरच्या बाया तिच्याकडे. पावसाळ्यातही फरशीवरून रोज जाणारी ती एकटी. हे मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे उद्या ऑफिसात मनोज सर "बॅटरी बदल आणि मोकळी हो" म्हणाले की वाचता येईल.

७ मे

म्हणालेच. शब्दशः.

(यापुढे म. सर. पूर्ण नाव लिहिण्याइतका राग गेलेला नाही.)

टेबलावर डबा जोडला. सेन्सर तिकडे फरशीवरच, म्हणून घरातला जादा सेन्सर, नवी बॅटरी. दर पाच मिनिटांनी जागा होतो, मोजतो, झोपतो. एकदम ठणठणीत. नितीन म्हणतो, "माहेरचा ना? सासरी आलं की सगळे शहाण्यासारखे वागतात." नवऱ्याला विनोद सुचायला माझीच कामं बरी सापडतात.

९ मे

अजून ठणठणीत. मलाच चीड यायला लागली आहे. बॅटरी एक वाईट निघेल, दोन निघतील. ओळीने तिन्ही नाही.

दुपारी डब्यातल्या मेमरी कार्डावरच्या जुन्या नोंदी वाचायला घेतल्या. आकडे, म्हणजे सेन्सरपासून खाली पाण्यापर्यंतचे सेंटीमीटर: १८३, १८५, १८४, १८३. मग एका सकाळपासून १८४. १८४. १८४. अडीच दिवस १८४. मग काहीच नाही, बॅटरी संपली. आधीच्या दोन्ही वेळेलाही हेच, फक्त आकडा वेगळा.

नुसता वारा सुटला तरी आकडा एकाने हलतो. खाली गुरं पाण्यात उतरली तर विचारूच नये. अडीच दिवस एकच आकडा म्हणजे कोणी मोजत नव्हतं. कोणीतरी नुसतं सांगत होतं.

१० मे

ते कोणीतरी म्हणजे मी.

ड्रायव्हर उघडला. कर्नलमधला, म्हणजे डब्याच्या सॉफ्टवेअरच्या गाभ्यातला, सेन्सरशी बोलणारा हा सगळा तुकडा माझ्या हातचा. सेन्सरने वेळेत उत्तर दिलं नाही तर काय करायचं? मी लिहिलंय: मागचाच आकडा परत दे आणि सगळं ठीक आहे म्हण. वर माझीच टीप, "तात्पुरतं. डेमोनंतर काढणे." डेमोला दोन वर्षं झाली. त्या दिवशी दिवा उगाच मिणमिणू नये म्हणून केलं होतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आम्ही पेढे खाल्ले, टीप तिथेच.

म्हणजे अडीच दिवस सेन्सर मुका होता आणि दिवा हिरवा. ओढ्यात पाणी कमी म्हणून निभावलं. लाज वाटली.

पण बॅटरी का मेली ते यातून कळत नाही. सेन्सर मुका का झाला तेही नाही. सोमवारी जाऊन बघणार.

१२ मे

सकाळी स्कूटी काढली. किन्हवली, सरळगाव, टोकावडे. दहाच्या आत वैशाखरे, तिथून आत गावात. घरी न जाता आधी फरशी गाठली.

वर पाहिलं आणि जागीच थांबले. सेन्सरच्या तोंडाला प्लास्टिक. खताच्या गोणीतलं, दुहेरी घडी करून, सुतळीचे तीन वेढे. गाठ अशी की दातांनीही सुटेना.

बाळूकाका. त्यांचं शेत फरशीला लागूनच. आगोटीचे दिवस, पावसाच्या आत सगळी तयारी करायची. मोटारीचा स्टार्टर, विजेचा मीटर, सायकलची सीट, जे उघडं दिसेल ते प्लास्टिकमध्ये बांधायचं. आमच्याकडे सगळेच करतात. मी घरात पाय ठेवेपर्यंत दादाने माझ्या स्कूटीच्या सीटला पिशवी घातलेली असते. काकांनी सेन्सरचंही तेच केलं.

काका शेतातच होते, मी त्यांच्यावर ओरडले. स्कूटी बघून आलेले दादा, शेजारचे दोघे, सगळे उभे होते.

"काका, हे करायला कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? पावसात मशीन उघडं ठेवतात काय गो बाय? आभाळ आलं की बांधतो, ऊन पडलं की सोडतो. तीन येळा झाला."

"त्याचं तोंड बांधलंत तर ते बघणार कसं?"

"ते तोंडानं बघतं ते आमाला काय म्हायती? तू सांगितलंस काय?"

नाही सांगितलं. डबा बसवला त्या दिवशी भाषण केलं, फोटो काढले, "याला बांधू नका" हे एक वाक्य सुचलं नाही. या गावात जन्मले, तरी सुचलं नाही. काकांनी गाठ सोडली, प्लास्टिकची घडी केली, काखेत धरली आणि निघून गेले.

वहिनी वाढताना म्हणाली, "तुझं मशीन तुला प्यारं, ठीक हाय. पन काका रोज जाऊन त्यावरची धूळ पुसायचे, म्हायती हाय?" माहीत नव्हतं.

१३ मे

काकांकडे ते प्लास्टिक मागायची हिंमत झाली नाही. आटगावला घरी येऊन टेबलावरच्या सेन्सरला दुधाची पिशवी बांधली.

कर्नल चिपमधल्या, ठोके देणाऱ्या सगळ्या घड्याळांची यादी देतो. प्रत्येकापुढे आकडा: किती जणांनी चालू करायला सांगितलं आणि अजून बंद केलेलं नाही. मोजून झालं की सेन्सरच्या घड्याळापुढे शून्य यायला हवं. पिशवीसकट आला एक. पाच मिनिटांनी दोन. मग तीन. कपडे वाळत घालून आले तर आठ.

सापडलं!

सेन्सरला मोजण्यासाठी ठोके लागतात, ते चिपमधलं हे घड्याळ देतं. मोजायच्या आधी चालू करायचं, मोजून झालं की बंद. मी बंद करते, पण फक्त उत्तर आलं तर. उत्तर नाही आलं की मधूनच मागचा आकडा उचलून बाहेर पडते आणि घड्याळ तसंच चालू. ते चालू असेपर्यंत डब्याला गाढ झोप नाही. बॅटरी सोलर पॅनलवर भरते, रोज ऊन असतं तर भागलंही असतं. पण काका बांधणार आभाळ आल्यावरच. म्हणजे ऊन नाही त्याच दिवशी डबा टक्क जागा. तीन बॅटऱ्या बिचाऱ्या फुकट बदनाम झाल्या.

संध्याकाळी वहिनीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे पानी भरून झालं की तू नळ बंद करतेस, पन पानी आलंच नाय तर नळ तसाच सोडून जातेस." मग हसून, "तशी तू पहिल्यापासून हायेसच." याहून सोपं मला म. सरांनाही सांगता आलं नाही.

१४ मे

मोजता मोजता जिथे जिथे काही फसू शकतं त्या सगळ्या वाटा कागदावर काढल्या. पाच निघाल्या. जाताना नीट आवरून जाणारी एकही नाही. दोन वर्षं हा कोड मी लोकांना अभिमानाने दाखवत होते.

नियम साधा आहे. ज्या क्रमाने चालू केलं त्याच्या उलट क्रमाने बंद. सगळ्या वाटा आणून एकाच दाराशी सोडल्या आणि त्या दाराशी सगळं बंद करायला लावलं. मग एकेक वाट मुद्दाम फसवून पाहिली. चार वाटा बिनबोभाट. पाचवीला कर्नलने तोंडावर भलामोठा इशारा फेकला: हे घड्याळ आधीच बंद आहे.

उद्या. डोकं चालत नाही, वरणाला दोनदा मीठ घातलं.

१५ मे

पाचवी वाट म्हणजे घड्याळ चालू करणंच फसलं तर. मी तिलाही त्याच दाराशी नेलं. जे चालूच झालं नाही ते बंद करायला निघाले! एक दार चालणार नाही. जितक्या पायऱ्या चढलो तेवढ्याच उतरायच्या, जास्त नाही, कमी नाही.

मूर्खासारखी घाई केली. पुन्हा पहिल्यापासून.

१६ मे

पाचही वाटा शंभर-शंभर वेळा फसवल्या. दर वेळी आकडा शून्य. एकही इशारा नाही. शून्याकडे बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता, गणितातही नाही.

बॅटरीचा प्रश्न मिटला. खरा प्रश्न आहे तिथेच. मागचा आकडा परत देणारी ओळ खोडली. ड्रायव्हर आता खरं ते वर कळवतो: उत्तर आलं नाही. पण मग दिव्याने काय करायचं? त्याला दोनच रंग.

लाल लावावा तर कोळ्याने जाळं विणलं तरी लाल. आठ दिवसांत लालला कोणी भीक घालणार नाही. विझवावा तर लोक म्हणणार, गेली परत बॅटरी, चला. हिरवा तर मेले तरी नाही.

दोन्ही. आळीपाळीने, लाल, हिरवा, लाल, हिरवा. अर्थ: मला माहीत नाही.

१९ मे

ठाण्याला ऑफिस. म. सर खुशीत. "घड्याळाचं फिक्स एकदम मस्त. ते गावोगावच्या अकराच्या अकरा डब्यांत टाकू. पण हे दोन दिव्यांचं नको, सुमन. एरर दिसला की क्लायंटला प्रॉडक्टच खराब वाटतं. मागचं रीडिंग राहू दे ना. निदान एक तास."

"एका तासात ओढा किती चढतो, सर?"

"तू फार पर्सनली घेतेस."

घेते. वहिनी माझी आहे.

वाद घालत बसले नाही. कँटीनमधून बादली आणली, तिच्यावर सेन्सर टांगला, डब्यात डेमोचा जुना कोड. पाच मिनिटांऐवजी पाच सेकंदांवर आणला. रिकामी बादली, दिवा हिरवा. मग सेन्सरला दुधाची पिशवी बांधली आणि मगाने पाणी ओतत राहिले. अर्धी बादली, हिरवा. पाऊण, हिरवा. काठोकाठ, हिरवा. शेवटचा मग ओतला तेव्हा पाणी सांडून सरांच्या बुटापर्यंत गेलं. दिवा हिरवाच.

सरांनी पाय मागे घेतला. म्हणाले, "गावांना पटवायचं काम तुझं. कंप्लेंट्स आल्या तर मी जुनं परत टाकणार."

चालेल. पटवीन.

२५ मे

ग्रामपंचायतीचा ओटा. वीसेक माणसं. बाळूकाका कडेला, माझ्याकडे न बघता सुपारी कातरत बसले होते. हिरवा समजला, लाल समजला. दोन्ही दिवे सांगितले आणि काकाच बोलले.

"म्हायती नाय म्हननारा दिवा कशाला पायजे? म्हायती नाय ते आमालाच नाय काय? त्याला दिवा कशाला?"

ओटा हसला. ठाण्यात बादलीने काम भागलं, इथे काय करू?

वहिनी उठली. "काका, माझा थर्मामीटर बिघडला तर मी पोराच्या नावापुढं ताप नाय असं लिवू काय? मी सांगते, मोजता आला नाय, दवाखान्यात ने. तसा हा दिवा. तो बोलतो, माझ्यावर जाऊ नको, दुसरी वाट बघ."

कोणी हसलं नाही. काकांनी अडकित्ता थांबवला. "मग असं सरळ बोलायचं ना. ही तासभर इंग्लिश बोलतेय."

मी इंग्लिश बोलत नव्हते. तरी ऐकून घेतलं. मग काकांची माफी मागितली, ओट्यावरच, कारण बोलले होते तेही चारचौघांतच. ते म्हणाले, "बस झाला, बस झाला." आणि थोड्या वेळाने, "वरून पत्रा चालंल काय? तोंड मोकळं ठेवून?"

पत्रा चालेल. उत्तम चालेल.

३१ मे

डबा बसवला. पत्रा काकांनी कापला, दादाने ठोकला. उतार बरोबर ओढ्याच्या दिशेने. मी फक्त "थोडा डावीकडे" म्हणायचं काम केलं. या वेळी डब्यात सिमकार्डही घातलं, म्हणजे घरबसल्या बघता येईल. परत येताना काकांनी फणस दिला. स्कूटीवर फणस बांधून सरळगावपर्यंत आले, पुढे सुतळी तुटली, तो गुडघ्यांत धरून. दोन्ही गुडघे खरचटले, पण फणस कापा निघाला.

२२ जून

सहा दिवस ऊन नाही. बॅटरी तग धरून आहे. घड्याळापुढे शून्य. सकाळी उठल्याउठल्या पहिलं तेच बघते. नितीन म्हणतो, हा डबा म्हणजे त्याची सवत. त्याला सवत कशी असेल ते तोच जाणे.

२८ जून

लाल लागला. पहिल्यांदाच. दादाने फोटो पाठवला: फरशीवरून हातभर गढूळ पाणी आणि अलीकडे थांबलेली माणसं, एक दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल, काकांची छत्री. पाण्यात कोणी नाही. मला भरून आलं. फोटो म. सरांना पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला.

४ जुलै

कंप्लेंट आली. आमच्या गावची नाही, उंबरमाळीकडच्या एका गावची. दोन्ही दिवे लागले, अर्थ कोणाला कळेना, कोणीतरी चिडून दगड मारला. म. सर: "बोललो होतो मी. एक आणखी आली तर जुनं टाकतो."

तिथे समजावायला कोणी गेलंच नव्हतं. परवा मी जाणार. वहिनीचा थर्मामीटर घेऊन जाणार, नुसत्या बोलण्याने भागत नाही. कोड बदलणार नाही. बदलायचा असेल तर सरांनी स्वतः बदलावा आणि खाली स्वतःचं नाव घालावं, असं मेलवर लिहून टाकलं.

९ जुलै

दुपारी दीडला वहिनीचा फोन. पाड्यावरच्या एका बाईला नववा लागलाय, सकाळपासून पोटात दुखतंय, असा कोणीतरी टेकडीवर चढून फोनवर निरोप दिला. वहिनी फरशीच्या अलीकडे उभी.

"सुमे, दोन्ही दिवे लागतायत गो. एकदा लाल, एकदा हिरवा. फरशी दिसते मला. मधी थोडी दिसत नाय. किती पानी हाय ते समजत नाय."

लॅपटॉप उघडला. डब्याकडून शेवटचं सव्वाअकराला आलंय: सेन्सर व्यवस्थित, दिवा हिरवा. पुढे डब्याचं नेट गेलंय. सेन्सर आता मुका का झालाय, फांदी अडकली, पत्रा वाकला की नुसतं पान चिकटलंय, इथून काही कळायला मार्ग नाही. वहिनी थांबली होती. पाण्याचा आवाज येत होता फोनमध्ये.

म्हटलं, "वहिनी, मला माहीत नाही."

आयुष्यात इतकं जड काही बोलले नव्हते. नणंद एवढी शिकलेली, यंत्र तिचं, आणि ऐन वेळेला हे.

वहिनी म्हणाली, "तुला म्हायती नाय, त्याला म्हायती नाय. मग मी मोठ्या पुलावरून फिरून जाते." आणि फोन ठेवला. एका शब्दाने मला बोलली नाही.

पुलावरून म्हणजे दीड तास, तोही गाडी मिळाली तर.

तीन वाजले. दादा म्हणतो टमटम मिळाली तिला, पोचेल. पाड्यावर रेंज नसते.

साडेतीन. बाई कशी असेल? कदाचित फरशीवर घोटाभरच पाणी होतं. पान चिकटलं असेल सेन्सरला, बाकी काही नाही. तसं असेल तर त्या बाईचा दीड तास माझ्या दिव्याने खाल्ला. जुना कोड असता तर सव्वाअकराचा हिरवा दीडलाही हिरवाच राहिला असता आणि वहिनी सरळ पाण्यात उतरली असती. पलीकडे पोचली असती की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही.

कोड तोच राहणार. हे आत्ता लिहून ठेवते, अजून काही कळलेलं नसताना.

साडेचार. फोन लागत नाही. परत लावते.